उतारावरचं इंजिन

लिबोरियोला इंजिनातलं कळत होतं, आणि आपल्याला कळतं हे त्याला जरा जास्तच कळत होतं. कासांगायच्या फाट्यावर पत्र्याच्या शेडखाली आमच्या डोंगरातल्या मोटारसायकली उभ्या असतात. सीटवर आडवी फळी बांधलेली, फळीवर माणसं, माणसांच्या मांडीवर कोंबड्या नाहीतर अबाका नावाच्या रानकेळीच्या वाखाचे भारे, अशी ती वाहतूक. गिऱ्हाईक नसलं की तिथे एकच विषय चालायचा, कुठलं इंजिन कधी दगा देतं. आणि त्यावर शेवटचा शब्द लिबोयचा. लिबोरियो हे नाव बाप्तिस्म्यापुरतं, एरवी सगळा डोंगर त्याला लिबोय म्हणायचा.

"बिघडत नाही असं इंजिन देवानं बनवलेलं नाही," तो फळीवर मांडी ठोकून सांगायचा. "बघायचं एवढंच, ते सांगून बिघडतं की न सांगता. माझी चिनी फोर-स्ट्रोक घ्या. ऑइल गळतं, बोल्टचे आटे जातात, इंजिनाच्या आतली टायमिंग चेन ढिली होते, सगळं मान्य. पण चेन महिनाभर आधी खडखडायला लागते. ऐकणाऱ्याला कान पाहिजेत."

"आणि माझी?" नोंग कास्यो मुद्दाम विचारायचा. थोरल्या भावाला आमच्याकडे नोंग म्हणतात. कास्यो साऱ्या फाट्याचाच थोरला भाऊ होता. साठी ओलांडलेली, पुढचे दोन दात गेलेले, आणि त्याच्याखाली जुनाट टू-स्ट्रोक.

"तुझी ना? तुझी येते हे आधी नाकाला कळतं, मग कानाला, आणि डोळ्याला दिसेपर्यंत ती बंद पडलेली असते. तापली की पिस्टन चिकटला. आधी सूचना नाही, काही नाही. गाणं म्हणता म्हणता माणूस मरावा तसं."

"मरते, पण चढावर कुणाला उतरून ढकलायला लावत नाही. तुझ्या चिनीवर बसलेला माथ्यावरच्या क्रूसापर्यंत पोचतो तेव्हा त्याच्या पोराचं लग्न झालेलं असतं."

"उशिरा का होईना, पोचतो ना!"

"भांडा लेकांनो," मेर्लिंदा मधे तोंड घालायची. कित्येक वर्षं कुवेतला लोकांची घरं पुसून तिनं बिनगिअरची स्कूटर आणली होती, आणि गाडी चालवणारी ती फाट्यावरची एकटी बाई. "मी आपली बटण दाबते आणि जाते."

"जातेस गं बाई, पण उतारावर थांबतेस का? तुझं इंजिन उतारावर गाडीला धरतच नाही, नुसते ब्रेक जळतात. आणि लाल चिखलात बेल्ट घसरला की बस बटण दाबत."

सगळे हसायचे. लिबोय खोटं बोलत नसे, हीच तर पंचाईत होती. त्याचं बहुतेक सगळं खरं निघायचं. कुणाला गाडी घ्यायची झाली की तो आधी लिबोयकडे यायचा, लिबोय इंजिनाला कान लावायचा आणि कुठला भाग कधी जाणार ते सांगायचा, आणि तो भाग तेव्हा जायचा. एकदा भर फाट्यावर ताडी पिऊन तो म्हणाला होता, की कास्योच्या धुराड्यावर बसून खाली जाण्यापेक्षा मी पायी जाईन. कास्योनं ते हसण्यावारी नेलं. पण लिबोय स्वतः ते विसरला नव्हता. बढाई मारणाऱ्याला आपली बढाई सांभाळावी लागते, आणि ते काम वाटतं तेवढं सोपं नसतं.

त्याच्या बायकोचं नाव लुमिंग. बारीक, काटक, जिभेला धार असलेली. ती म्हणायची, "माझ्या छातीला कधी कान लावला नाही यानं, पण गाडी जरा शिंकली की पालथा पडतो." हे ती चारचौघांत म्हणायची आणि लिबोय खूश व्हायचा.

त्या रविवारी चर्चमधून येताना लिबोयच्या गाडीची चेन नेहमीपेक्षा वेगळी वाजली. त्यानं घरी येताच अंगणात पोतं अंथरलं, इंजिनाचं हेड उघडलं आणि सगळे सुटे भाग रॉकेलच्या तसराळ्यात टाकले. त्याच दुपारी लुमिंगच्या पोटात दुखायला लागलं. मक्याच्या कण्यांचा भात आणि सुकट पुढ्यात होती, तिनं दोन घास खाऊन ताट सरकवलं. मालीश करणारी म्हातारी आली. खोबरेल लावून तिनं पोट चांगलं चोळलं, वारा धरलाय म्हणाली, आल्याचा काढा सांगून गेली. सोमवारी दुखणं उजव्या कुशीत जाऊन बसलं. लुमिंग कुशीवर वळून पाय पोटाशी घेऊन पडून राहिली. संध्याकाळी मात्र ते एकाएकी थांबलं.

"गेलं बघ," ती म्हणाली. तिला घाम फुटला होता, पण ती हसली. "म्हातारीच्या हातात गुण आहे."

लिबोयलाही हायसं वाटलं. तो अंगणात जाऊन पुन्हा इंजिनाशी बसला. दुखणं थांबलं म्हणजे बरं झालं, असं तो धरून चालला. इंजिनाच्या बाबतीत त्यानं असं कधीच धरलं नसतं. खडखडणारी चेन अचानक गप्प झाली असती तर त्यानं तिथल्या तिथे गाडी उभी केली असती.

मंगळवारी सकाळी लुमिंगचं पोट फळीसारखं कडक झालं होतं. अंगात ताप होता, ओठ कोरडे पडले होते. हात लावू देत नव्हती.

"दवाखान्यात जाऊ," ती म्हणाली. लुमिंग कधी दवाखान्याचं नाव काढत नसे.

"जाऊ. दुपारपर्यंत गाडी जोडतो."

"नोंग कास्योला बोलाव ना."

लिबोय दारात उभा राहिला. त्यानं विचार केला, आणि तो विचार नीट केला, हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. घरापासून क्रूसापर्यंत नुसता चढ. क्रूस म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचा सिमेंटचा क्रूस, तिथून पुढे शहरापर्यंत उतार. कास्योची टू-स्ट्रोक तीन माणसं घेऊन त्या चढावर तापणार, हे ठरलेलं. गेल्या महिन्यात शाळेतल्या बाईंना घेऊन जाताना तिचा पिस्टन चिकटला आणि बाई रडत पायी परत आल्या. मेर्लिंदाची स्कूटर चिखलात घसरणार आणि पलीकडच्या उतारावर आजारी माणूस मागे असताना तिला धरून ठेवणार कोण? त्याची चिनी हळू जाते, पण आजवर वाटेत अडकलेली नाही. तिन्ही इंजिनं तोलली तर त्याचंच बरोबर होतं. फक्त त्याचं इंजिन त्या वेळी तसराळ्यात होतं.

"त्याची वाटेत बंद पडली तर तुला घेऊन मी कुठे बसू?" तो म्हणाला. "मी जोडतो. फार काही राहिलं नाही."

लुमिंगनं डोळे मिटले. वाद घालायची तिच्यात ताकद नव्हती, एवढ्यावरूनच त्याला कळायला हवं होतं.

तो झपाटल्यासारखा कामाला लागला. व्हॉल्व्ह बसवले, हेड बसवलं, नवी चेन ओवली. शेवटून दुसरा बोल्ट आवळताना आटे गेले. त्यानं चिनी लोखंडाला शिव्या घातल्या, दुधाच्या डब्याची पट्टी कापून बोल्टला गुंडाळली, पुन्हा आवळला. मधेच मेर्लिंदा आली. खिडकीतून आत डोकावली आणि तिचा चेहरा उतरला.

"लिबोय, अरे तिचा रंग बघ. माझी स्कूटर घे. परवाच नवा बेल्ट टाकलाय."

"चिखल आहे वर."

"चिखलात मी ढकलते, झालं? मागून चालत येते."

"एकच बोल्ट राहिलाय गं!"

मेर्लिंदा त्याच्याकडे बघत राहिली. "तुझं इंजिन सगळ्यात चांगलं, बाबा," ती म्हणाली. "मी मानलं. फाट्यावर सगळ्यांना सांगते. आता तरी ऊठ."

त्यानं वर पाहिलं नाही. त्याला राग आला होता, आणि तो राग कुणावर आहे ते त्याला शोधायचं नव्हतं. मेर्लिंदा गेली. आतून लुमिंगचा आवाज आला, "झालं?" तो म्हणाला, "झालंच." थोड्या वेळानं पुन्हा, "झालं का रे?" त्यानं पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा त्यानं किक मारली. इंजिन एकदा खोकलं, कार्बोरेटरमधून भडका उलटा आला आणि ते गप्प झालं. पुन्हा किक, पुन्हा तेच. लिबोय किकवर पाय ठेवून तसाच उभा राहिला. त्याला उघडून बघायची गरजच नव्हती. घाईत चेन एक दात पुढे बसली होती. नवशिक्या पोरानं केली असती तर लिबोयनं वर्षभर फाट्यावर सांगितली असती, अशी ती चूक होती. दुरुस्त करायची म्हणजे पुन्हा सगळं उघडायचं.

तो आत गेला. लुमिंगनं किकचे आवाज ऐकले होते. इतकी वर्षं त्याच्याबरोबर काढून तिलाही त्यातलं कळायला लागलं होतं.

"लिबोय," ती म्हणाली, "कुठलंही चालेल रे मला. बैल असला तरी चालेल."

तेवढ्यात बाहेर तो ओळखीचा वास आला. जळक्या तेलाचा. मग फटफट. मेर्लिंदानं कास्योला गाठलं होतं, आणि कास्यो बोलावण्याची वाट न बघता आला होता. त्यानं अंगणातल्या सुट्या पान्यांकडे पाहिलं, उघड्या टाकीकडे पाहिलं, पण तोंडातून एक अक्षर काढलं नाही. एखादा टोमणा मारला असता तर लिबोयला बरं वाटलं असतं.

त्यांनी फळी सोडून टाकली. लुमिंगला मधे बसवलं, कास्योच्या पाठीला टेकवून, आणि चादरीनं तिला कास्योच्या कमरेशी बांधलं. मागे लिबोय, दोन्ही हातांनी तिला धरून. कास्योनं टाकीत बाटलीतलं पेट्रोल ओतलं, त्यात नेहमीपेक्षा जास्त तेल घातलं.

"धूर करेल," तो म्हणाला, "पण आज चिकटायला नको."

"घाल," लिबोय म्हणाला. "अजून थोडं घाल."

टू-स्ट्रोक निघाली. आणि खरं सांगायचं तर ती उत्तम चढली. लाल चिखलाचा पट्टा तिनं मागच्या चाकानं उडवत पार केला, लिबोयची चिनी जिथे रांगायची तिथे ती दुसऱ्या गिअरमधे ओढत राहिली. लिबोय एका कानानं लुमिंगचा श्वास ऐकत होता आणि दुसऱ्या कानानं इंजिन. दोन्ही आवाज त्याला आवडत नव्हते. लुमिंगचा श्वास आखूड होत चालला होता. इंजिनातून बारीक किणकिण यायला लागली होती, तापल्याची.

ओढ्यापाशी तो म्हणाला, "नोंग, थांबव. हिला थंड करायला पाहिजे. इथून पुढे नेलीस तर चिकटेल."

"वेळ जाईल."

"चिकटली तर सगळाच वेळ जाईल."

कास्योनं इंजिन बंद केलं. तो पानात पाणी आणून सिलिंडरच्या बाजूच्या दगडांवर शिंपडू लागला. तापलेल्या इंजिनावर पाणी टाकायचं नसतं, म्हणून आसपासची हवा गार करायची, एवढंच. लिबोयनं लुमिंगचे ओठ ओले केले. ती दगडाला टेकून बसली होती, डोळे अर्धे उघडे.

"तुझं इंजिन बरं," तिनं विचारलं, "की याचं?"

लिबोयला आधी वाटलं ती बरळतेय. मग तिच्या ओठाचा कोपरा हलला. चेष्टा करत होती. अशा वेळीसुद्धा.

"याचं," तो म्हणाला.

"नोंग, ऐकलंस?" ती म्हणाली, पण आवाज गाडीपर्यंत जाण्याइतका नव्हता. कास्योनं ऐकलं नाही. लिबोयनं मोठ्यानं सांगितलं, "नोंग, तुझं इंजिन माझ्यापेक्षा बरं आहे म्हणते ही."

कास्यो वळला. त्याचे डोळे पाणावले आणि तो उगाच प्लगशी खेळत बसला. तापलेली टू-स्ट्रोक लगेच सुरू होत नाही, तीही झाली नाही. कास्योनं प्लग काढला, पुसला, फुंकला, बसवला. किक मारून मारून त्याची पोटरी थरथरायला लागली. मग लिबोयनं मारल्या. आयुष्यात पहिल्यांदा तो त्या गाडीला किक मारत होता, आणि किक मारताना तिची मनधरणी करत होता, बाई म्हणत होता, आई म्हणत होता. शेवटी ती सुरू झाली. त्यांनी लुमिंगला पुन्हा बांधलं. या वेळी तिची मान कास्योच्या पाठीवर आपणहून टेकली.

उरलेला चढ गाडीनं न थांबता काढला.

क्रूसाचा माथा आला. इथे आमच्याकडे सगळे एक गोष्ट करतात. माथ्यावर पोचलं की इंजिन बंद करायचं, गाडी न्यूट्रलमधे टाकायची आणि उतारावर नुसती सोडून द्यायची. पेट्रोल वाचतं; फारच खडं वळण आलं तर घडीभर गिअर टाकून इंजिनानं गाडी धरायची. टू-स्ट्रोकला तर ते करावंच लागतं. उतारावर एक्सलेटर सोडलेला असतो, पेट्रोल जात नाही, पेट्रोल नाही म्हणजे त्यातलं तेल नाही, आणि चालतं इंजिन कोरडं पडून चिकटतं. म्हणून क्रूसापासून पुढे सगळ्या गाड्या मुक्यानं उतरतात. वाऱ्याचा आणि ब्रेकचा काय तो आवाज.

फक्त एका वेळी इंजिन बंद करत नाहीत. गाडीवर मेलेलं माणूस असलं तर. मग वाटेत कुठेही, कशासाठीही इंजिन थांबवायचं नाही. थांबवलं तर ते माणूस तिथेच उतरतं आणि राहतं, घरी येत नाही. घराच्या दारात पोचलं, पायरीवर उतरवलं, की मगच चावी फिरवायची. हे कुणी कुणाला शिकवलेलं नाही. फाट्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक असतं.

कास्योनं क्रूसापाशी गाडी वळवली, उताराला लावली, आणि चावीला हात लावला नाही.

लिबोय वाट बघत राहिला. कास्यो विसरला असेल, असं त्याला वाटलं. पहिलं वळण गेलं. इंजिन चालूच होतं, फटफट करत, मागे निळा धूर सोडत.

"नोंग," तो म्हणाला, "बंद कर ना."

कास्योनं मूठ थोडी पिळली.

"नोंग, क्रूस गेला. बंद कर. चिकटेल ती."

"चिकटणार नाही," कास्यो म्हणाला. "मी एक्सलेटर देतोय थोडा थोडा. तेल जातंय."

"पेट्रोल वाया जातंय."

"जाऊ दे."

लिबोयनं लुमिंगला आणखी घट्ट धरलं. तिचं पोट त्याच्या हाताखाली कडक होतं तसंच कडक होतं, अंग अजून गरम होतं. तापाचं गरम होतं, इंजिनाचंही असेल, त्याला ठरवता येईना. गाडीच्या थरथरीनं तिचा खांदा हलत होता. तिचा श्वास लागत असेल तर तो कास्योच्या पाठीला, मानेच्या खाली, पातळ शर्टावर. सगळ्या डोंगरात ते एकट्या कास्योला कळू शकत होतं. आणि कास्यो चावीला हात लावत नव्हता.

मग लिबोयला एकदम सुचलं, आणि सुचल्याबरोबर त्याला इतकं बरं वाटलं की तो जवळजवळ ओरडला. "गरम आहे म्हणून ना, नोंग? गरम झाल्यावर ही परत सुरू होत नाही. ओढ्यापाशी बघितलं ना आपण. खाली सपाटीवर पुन्हा किका मारत बसायला नको, म्हणून चालू ठेवलीस. होय ना?"

दुसरं वळण गेलं, केळीच्या बागा सुरू झाल्या.

"हो," कास्यो म्हणाला. "म्हणूनच."

"तेच म्हणतो मी! टू-स्ट्रोकची हीच तर खोड आहे. लुमिंग, ऐकलंस? माझी चिनी गरम असो गार असो, एका किकमधे. चेन नीट बसवली असती तर. पण चढावर हिच्यासारखी नाही ओढत, ते मी मघाशी कबूल केलंय. स्कूटर इथे उतरताना बघितली असतीस तर घाबरली असतीस तू. ब्रेकमधून धूर येतो, वास येतो. मेर्लिंदाचं धाडस म्हणायचं." तो बोलत राहिला. प्लग, पिस्टन, बेल्ट, कुठलं काय कधी जातं, कसं ओळखायचं, सगळं त्यानं तिच्या कानापाशी तोंड नेऊन सांगितलं, जे ती हजार वेळा ऐकून कंटाळलेली होती. एरवी तिनं म्हटलं असतं, पुरे कर रे बाबा. तो तेवढ्याची वाट बघत होता.

मधेच तो थांबायचा आणि म्हणायचा, "नोंग, एकदा बंद करून बघ ना. सुरू होईल. मी सांगतो ना तुला, मला कळतं त्यातलं." कास्यो मान हलवायचा. तिसऱ्यांदा लिबोयनं त्याच्या खांद्यावरून हात पुढे करून चावी धरायचा प्रयत्न केला. कास्योनं डाव्या हातानं त्याचा हात पकडला आणि खाली येईपर्यंत सोडला नाही, क्लचचीही पर्वा न करता.

आणि ते इंजिन चाललं. इतकं सुरेख ते कधी चाललं नव्हतं. सबंध उतारावर एकदाही अडखळलं नाही, एकदाही ठोका चुकला नाही. सकाळी असं चाललं असतं तर, आणि लिबोयनं सकाळी त्याला चालू दिलं असतं तर. हा विचार त्याच्या डोक्यात आला तेव्हा ते शहराच्या पहिल्या घरांपाशी पोचले होते.

दवाखान्याच्या फाटकात रखवालदार पुढे आला. धुरानं त्यानं नाकावर हात धरला. "इंजिन बंद करा, इंजिन! आत पेशंट झोपलेत."

कास्योनं बंद केलं नाही. मान खाली घालून तो एक्सलेटर धरून बसून राहिला. आवाजानं आतून एक नर्स आली, तिनं लुमिंगच्या मानेवर दोन बोटं ठेवली, पापणी वर करून बघितली. मग तिचा चेहरा मऊ झाला.

"किती वेळ झाला?" तिनं विचारलं.

लिबोयनं कास्योच्या पाठीकडे पाहिलं.

"क्रूसाच्या अलीकडे," कास्यो समोर बघतच म्हणाला. "शेवटच्या चढावर."

"आत घ्या त्यांना. डॉक्टरांना बघावं लागेल, लिहावं लागेल," नर्स म्हणाली. "आणि ती गाडी तेवढी बंद करा हो."

रखवालदारानं चादरीच्या गाठीला हात घातला. कास्योनं हळूच एक्सलेटर सोडला, इंजिन धापा टाकल्यासारखं मंद झालं. आता ते आपोआप बंद पडणार, हे लिबोयच्या कानाला सगळ्यांच्या आधी कळलं. तो इतक्या जोरात ओरडला की रखवालदार मागे सरला.

"एक्सलेटर दे! नोंग, एक्सलेटर दे, बंद पाडू नकोस!"

कास्योनं मूठ पिळली. इंजिन पुन्हा वर चढलं. सगळ्या फाटकात निळा धूर झाला.

"हिला घरी न्यायचंय," लिबोय म्हणाला. लुमिंगची घसरलेली चादर त्यानं वर ओढली, गाठ तपासली, तिची मान कास्योच्या पाठीवर नीट टेकवली. त्याचे हात काम करत होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते तो पुसत नव्हता. "वळव गाडी."

कास्यो पहिल्यांदाच मागे वळला. "लिबोय, इकडून क्रूसापर्यंतचा चढ आपल्या बाजूपेक्षा लांब आहे. तिघांना घेऊन, न थांबता, ही तिथे पोचणार नाही. अर्ध्यात चिकटेल. तुला माहीत आहे."

"माहीत आहे," लिबोय म्हणाला. "चल."